आठ बार, एक गिटार: प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

महिनाअखेरच्या बैठकीचा विषय आज नक्की झाला, तोही भाचीच्या हट्टामुळे. आमचा ऐकण्याचा गट म्हणजे वीस-बावीस माणसं, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली. मित्राच्या क्लासच्या खोलीत महिन्यातून एकदा जमायचं, चहा-चिवडा आणि दीड तास एकच विषय. नाट्यपदांच्या तबकड्या झाल्या, जॅझ झालं, सतारीचे बाज झाले. गटात "रॅप" असं नुसतं लिहिलं तर दोघांनी लगेच कळवलं की त्या दिवशी आम्ही गावाला आहोत.

भाची म्हणाली, "मामा, तू रॅप म्हणून सांगूच नकोस. आधी त्यांच्या ओळखीचं काहीतरी लाव. माना डोलायला लागल्या की मग सांग."

युक्ती बरी आहे. त्यासाठी गाण्यांची जोडीही लगेच सुचली: पोलीस या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आणि त्यातला तुकडा उचलून केलेलं पफ डॅडीचं रॅप गाणं 'आयल बी मिसिंग यू'. पहिलं गटातल्या निम्म्यांनी तरी कॅसेटवर झिजवलेलं असणार. दुसरं त्यांच्या मुलांनी.

करायचं असं की तुकडा किती घेतला, त्याचं पुढे काय केलं, हे नुसतं बोलून न दाखवता लोकांसमोर लॅपटॉपवर पुन्हा उभं करायचं. चाळीस मिनिटं.

२ नोव्हेंबर, रविवार

हेडफोन लावून दोन्ही गाणी पाठोपाठ, पाच-सहा वेळा.

जुनं १९८३चं, 'सिंक्रोनिसिटी' अल्बममधलं. कॅरिबियनमधल्या माँटसेराट बेटावर बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी उभारलेल्या एअर स्टुडिओत रेकॉर्ड झालं. बँड तिघांचा आणि तिघंही तीन खोल्यांत: स्टुअर्ट कोपलँडचे ड्रम जेवणघरात, गिटारवाला अँडी समर्स स्टुडिओत, गाणारा आणि बास वाजवणारा स्टिंग कंट्रोल रूममध्ये. आवाज एकमेकांत मिसळू नयेत हे तांत्रिक कारण, पण एकमेकांचं तोंड बघायला लागू नये हीही सोय झालीच असेल, कारण तेव्हा तिघांचं बिनसलेलं होतं. अमेरिकेत हे गाणं आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लोक ते प्रेमगीत समजून लग्नात वाजवतात, याची गंमत खुद्द स्टिंगने पुष्कळदा सांगितली आहे. शब्द नीट ऐकले तर तो सोडून गेलेल्या बाईवर पाळत ठेवणारा माणूस आहे.

नवं १९९७चं. ९ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये नोटोरियस बी.आय.जी. हा चोवीस वर्षांचा रॅपर गोळीबारात मारला गेला. त्याचा मित्र आणि निर्माता पफ डॅडी, बायको फेथ एव्हन्स आणि ११२ हा गायकांचा गट यांनी मिळून केलेलं हे शोकगीत. जूनमध्ये ते अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावरच उतरलं. रॅप गाण्याच्या बाबतीत असं आधी झालं नव्हतं. मग अकरा आठवडे तिथंच. मूळ गाण्यापेक्षा तीन जास्त.

आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदा कानाला लागली. शेवटाकडे फेथ एव्हन्स जे गाते ते 'आयल फ्लाय अवे' या अल्बर्ट ब्रम्ली यांच्या जुन्या चर्चगीतातलं आहे. म्हणजे १९८३च्या गिटारवर १९३२ साली छापलेलं भजन बसवलंय, आणि कुठेही सांधा दिसत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसातून आल्यावर फक्त मोजमाप. जुन्याची लय मिनिटाला ११७च्या आसपास, नव्याची ११०च्या. फरक सातच ठोक्यांचा, पण पाय हलवून पाहिला की कळतं. ११७ला माणूस चालतोय. ११०ला तो मिरवणुकीच्या मागे-मागे चाललाय.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजची नोंद लांबणार.

मूळ रेकॉर्डमधला तुकडा कापून वापरणं सोपं आहे, पण लोकांना तो हात दिसायला हवा असं सारखं वाटत होतं. म्हणून गिटारवाल्या काकांकडे गेलो. वय अडुसष्ट, तीसेक वर्षं मुंबईत सेशनला, म्हणजे गाण्यांच्या रेकॉर्डिंगला, वाजवलं, आता शिकवण्या घेतात. गाणं त्यांना माहीत होतं, पण कधी वाजवलेलं नव्हतं. "आम्हाला असलं कोण सांगणार? आम्हाला ठेका धरून कॉर्ड मारायला सांगायचे."

एकदा ऐकलं, गिटार मांडीवर घेतली आणि चाचपायला लागले. पहिली कॉर्ड पांढरी सहा या पट्टीत. जाड तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या घरात, सा, तिच्या शेजारच्या तारेवर सातव्याला प, पुढच्या तारेवर नवव्याला वरचा रे. मग पहिलं बोट जाड तारेवरून उचलून तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटला टेकवायचं, तिथं वरचा ग. झालं, एवढंच आहे. सा, प, रे, ग, आणि परत.

पण नेहमीच्या कॉर्डमध्ये हा रे नसतो. सा-ग-प वाजवून झाल्यावर कान तृप्त होतो आणि कंटाळतो. इथं प वरून एकदम वरच्या रे वर उडी आहे, ग हळूच नंतर येतो, त्यामुळे कॉर्ड पूर्ण लागली तरी दार किलकिलं राहतं. दुसऱ्या कॉर्डला तोच साचा खाली सरकतो आणि ग कोमल होतो. तिथं काकांची करंगळी अडली. दुसऱ्या फ्रेटपासून सहाव्यापर्यंत पंजा ताणायचा, आणि खाली फ्रेट रुंद.

"हा माणूस उंच आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही हो. तिघांत तोच बुटका."

"मग करंगळी रबराची असणार."

समर्सने या तुकड्याची हकिगत मुलाखतींमध्ये सांगितली आहे. स्टिंगचं कच्चं रेकॉर्डिंग ऑर्गनवर होतं. गाण्यात गिटारने काय करायचं हे ठरत नव्हतं, तेव्हा तो समर्सला म्हणाला, जा, तुझं काय ते वाजव. समर्स त्या सुमारास हंगेरियन संगीतकार बार्टोकची व्हायोलिनची द्वंद्ववादनं गिटारवर घोटत होता. ते ताणलेले स्वर बोटांत होतेच. पहिल्याच टेकला झालं.

काकांना चौदा टेक लागले. मधे एकदा चहा, एकदा मीटरवाला. उजव्या हाताचा तळवा ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा बसतात त्या पट्टीजवळ, तारांवर टेकवायचा, पण किती? जास्त टेकला की स्वर मरतो, कमी टेकला की तार घुमते. काकांनी तळवा केसभर मागेपुढे सरकवत सरकवत ती जागा पकडली आणि मग सलग आठ बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची आठ आवर्तनं, वाजवले. ठोक्याला दोन असे चौसष्ट स्वर, एकही घुमला नाही. वहीत नुसतं "टेक १४" लिहिलं आणि रेकॉर्डर बंद केला.

निघताना म्हणाले, "शिफ्टचे पैसे मात्र देणार ना? ओळखीत वाजवायचं मी दोन हजार सालीच बंद केलंय." दारात उभे राहून हसत म्हणाले, पण गंमत नव्हती ती.

९ नोव्हेंबर, रविवार

काकांचे आठ बार लॅपटॉपवर घेतले. ११७च्या लयीला आठ बार म्हणजे सुमारे १६.४ सेकंद, ११०ला १७.५.

आधी सॉफ्टवेअरचा सोपा मार्ग धरला: पट्टी तीच ठेवून फक्त लय उतरवायची. वाटोळं झालं. यंत्र मधल्या जागा ताणून भरतं, आणि या वादनात तर सगळी मजा तार सुटण्याच्या क्षणात आहे. प्रत्येक ठोक्याला जुळा भाऊ फुटला, टक ऐवजी टटक. गोधडी शिवताना टाका दुहेरी पडावा तसं.

मग जुन्या पद्धतीने केलं. तबकडीचा वेग कमी केल्यावर होतं तसं, लय आणि स्वर दोन्ही एकत्र उतरवायचे. ११७चं ११० केलं की स्वर एका अर्धस्वराहून किंचित जास्त उतरतो, म्हणजे पांढरी सहाचं गाणं काळी चारच्या जरासं खाली येतं. आणि आवाज बदलला! तळव्याचा तो दाब जड झाला. काकांची स्टीलची तार आता नायलॉनसारखी, जरा ओली. दुःखी गाण्यासाठी आणखी काही करावं लागू नये असा आवाज.

एक चूक: लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, कापताना टोकं शून्य रेषेवर जुळवली नाहीत, त्यामुळे दर साडेसतरा सेकंदांनी टिचकी. रात्री साडेअकराला घरातून "ते घड्याळ बंद कर" असा आवाज आला तेव्हा कळलं की भिंतीपलीकडेही जातंय.

झोपण्याआधी एक हिशेब मांडून पाहिला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या रॅप निर्मात्यांचं लाडकं यंत्र ई-म्यू एसपी-१२००. त्यात सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून ही मंडळी मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने फिरवून आवाज आत घ्यायची आणि यंत्रात परत खाली उतरवायची. त्या युक्तीनेसुद्धा हे आठ बार बारा सेकंदांच्या खाली येत नाहीत. मावलेच नसते. तेव्हाचं कसब चिमूट-चिमूट उचलण्याचं होतं, कुठून ढोलाचा एक ठोका, कुठून ब्रासची एक किंकाळी. १९९७पर्यंत मेमरी वाढली होती आणि अख्खा उतारा उचलता येत होता. पफ डॅडीवर तेव्हा जी टीका झाली, की हा गाणी बनवत नाही, जुन्या हिट गाण्यांवर बोलतो, तिच्यात तथ्य आहे. चिमूट उचलणाऱ्याला स्वयंपाक करावा लागतो. हे आयतं ताट आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कायद्याची बाजू दहा मिनिटांत कशी बसवायची या विवंचनेत दोन संध्याकाळी गेल्या.

मूळ मुद्दा असा की एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत टेपवर उमटलेला प्रत्यक्ष आवाज. सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडाच, घेणाऱ्याला दोन्हींची परवानगी लागते. चाल पुन्हा वाजवून घेतली, जशी आम्ही घेतली, तर फक्त पहिलीची.

अमेरिकेत १९९१पर्यंत हा कारभार बराचसा रामभरोसे होता. त्या वर्षी रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या १९७२च्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरल्याचं प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात आलं आणि न्यायाधीश डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तिथून पुढे प्रत्येक तुकड्याला वकील आला. हे माहीत असूनही 'आयल बी मिसिंग यू' आधी बाजारात आलं आणि परवानगी नंतर मागितली गेली. परिणाम: रचनेच्या हक्काचं उत्पन्न स्टिंगकडे. २०१८च्या एका रेडिओ मुलाखतीत, रोज दोन हजार डॉलर मिळतात हे खरं का, असं विचारल्यावर त्याने हो म्हटलं. २०२३मध्ये पफ डॅडीने पाच हजार असा आकडा सांगितला आणि नंतर म्हणाला, थट्टा केली. तेव्हा आकडा गटात सांगायचा तर थट्टेसकट.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते. नव्या गाण्यात स्टिंगचा आवाज नाही. कोपलँडचे ड्रमही नाहीत, ठेका नवा आहे. जे ऐकू येतं ते समर्सचं गिटार. पण मूळ गाण्यावर रचनाकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं, कारण कॉर्डचा क्रम आणि शब्द त्याचे, आणि गिटारचा तो साचा कायद्याच्या भाषेत 'वादन' ठरला. समर्सने हे जाहीरपणे बोलून दाखवलं आहे: त्या रेकॉर्डवर स्टिंग नाही, स्टुअर्ट नाही, मी आहे. गाणं असं वापरलं गेल्याचं त्याला कळलं तेही रेडिओवर वाजू लागल्यानंतर. याच वर्षी समर्स आणि कोपलँड यांनी पोलीसच्या रॉयल्टीवरून स्टिंगविरुद्ध लंडनच्या हाय कोर्टात दावा लावलाय.

आपल्याकडच्या कितीतरी भावगीतांची ओळख ध्रुवपदाआधीच्या बासरीच्या किंवा व्हायोलिनच्या तुकड्यानेच होते. तो संगीतकाराने दिला, संयोजकाने लिहिला की वादकाला तिथल्या तिथे सुचला, याची नोंद कोण ठेवतं?

हे सगळं काकांना फोनवर तावातावाने सांगितलं. मला वाटलं होतं ते पेटून उठतील.

"त्याला बँडचा हिस्सा मिळाला ना? रेकॉर्ड खपल्या त्याचा?"

"तो मिळाला असणार."

"मग तो रडतोय कशाला! आम्ही शिफ्ट वाजवली, व्हाउचरवर सही केली, पैसे घेतले, लोकल पकडली. वाजवलेलं त्यांचं. माझा एक तुकडा अजून रेडिओवर येतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, 'अहो, तुमचं लागलंय.' बस."

कोणता तुकडा ते सांगितलं नाही. विचारायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाची आली होती, शब्दांचा भाग तिच्याकडे आहे. तिने कागदावर दोन उभे रकाने केले आणि मला इतकी वर्षं न दिसलेली गोष्ट पाचव्या मिनिटाला दाखवली. जुन्या गाण्यात प्रत्येक ओळ 'तू'ची आहे: तू टाकशील तो श्वास, तू उचलशील ते पाऊल, आणि माझी नजर तुझ्यावर. नव्यात ध्रुवपदाची चाल तीच, पण 'तू' पुसून 'मी' लिहिलंय: मी टाकतो ते पाऊल, मी करतो ती प्रार्थना, आणि तुझी उणीव. पाळत ठेवणाऱ्याची ओळ सुतक्याची झाली, सर्वनाम तेवढं बदललं.

मग मीही माझं काढलं. जुन्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात ओळ संपते तिथं कॉर्ड घरी, म्हणजे सा वर, येत नाही. ती बाजूच्या, ध वरच्या उदास कॉर्डवर थांबते. ऐकणारा वाट बघत राहतो. पाळत ठेवणाऱ्याची खरी भीती त्या थांबण्यात आहे. पुढे मधला भाग येतो, तिथं तर गाणं पार दुसऱ्या मुलखात जातं. नव्या गाण्याने ते वळणही घेतलं नाही आणि मधला भागही नाही. त्यांचा लूप दर आठ बारांनी घरी येतो. म्हणजे काय घेतलं इतकंच काय टाकलं तेही बघायचं. गेल्या रविवारी लिहिलेलं ते आयत्या ताटाचं वाक्य मला आता थोडं मागे घ्यावं लागेल. थोडंच. कारण त्यावरचा पफ डॅडीचा रॅप मला अजूनही सपाट वाटतो, वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखा. शब्दही सॉस मनी नावाच्या दुसऱ्या रॅपरने लिहून दिलेले. गाणं तरतं ते फेथ एव्हन्सच्या गळ्यावर.

"मामा, पण पफ डॅडी तर आता तुरुंगात आहे. त्याचं गाणं लावायचं?"

खरं आहे. जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वेश्याव्यवसायासाठी लोकांची ने-आण केल्याच्या दोन आरोपांत तो दोषी ठरला आणि ऑक्टोबरमध्ये पन्नास महिन्यांची शिक्षा झाली. ठरलं असं की हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं, लपवायचं नाही. मूळ गाणं तीस सेकंदांच्या वर लावायचं नाही. बाकी काकांचं वादन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

न येऊ शकणाऱ्यांसाठी नमुन्याचा व्हिडिओ एका साइटवर चढवला. दीड मिनिटात आवाज बंद. गंमत म्हणजे आक्षेप मूळ गाण्याच्या तीस सेकंदांवर नाही, काकांच्या आठ बारांवर आला, "चाल जुळते" म्हणून. काकांना कळवलं. उत्तर: "म्हणजे बरोबर वाजलंय."

२२ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम. लॅपटॉप, दोन स्पीकर, एक्स्टेन्शन बोर्ड. क्लासच्या खोलीतला पंखा नेमका काळी चारच्या जवळपास गुणगुणतो, तो बंद ठेवायचा. कायद्याचा भाग दहाऐवजी सतरा मिनिटं चालला. भाचीने घड्याळ दाखवलं. निम्मा कापला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झाला कार्यक्रम. 'गावाला' गेलेल्यांपैकी एक हजर होते.

काकांनी खुर्चीवर बसून आधी नुसती ती कॉर्ड वाजवली, सा प रे ग, सावकाश, चार वेळा. मग लयीत आठ बार. तिसऱ्या बाराला मागून कुणीतरी शब्द गुणगुणायला लागलं. काका थांबले आणि त्याच क्षणी मी लॅपटॉपवरून त्यांचेच उतरवलेले आठ बार सोडले. खोलीत काहीतरी बसल्यासारखं झालं. काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. ठेका आला, आणि भाचीने 'तू'चं 'मी' करून ध्रुवपद मराठीत म्हटलं. तिने तालमीत हे केलं नव्हतं.

प्रश्नोत्तरांत अपेक्षित तेच: "म्हणजे शेवटी चोरी की नाही?" मी सांगितलं, परवानगी न घेता घेतली तेवढी चोरी, तिची वसुली झाली. एक बाई म्हणाल्या, वसुली ज्याची व्हायला हवी त्याची कुठे झाली? त्यावर अर्धा तास वाद. काका मध्ये पडले नाहीत, चिवडा खात होते. निघताना त्याच बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही पूर्वी कोणत्या गाण्यांत वाजवलंय? काका म्हणाले, "बऱ्याच."

३० नोव्हेंबर, रविवार

स्पीकर परत केले. फाइली नीट नावं देऊन ठेवल्या: मूळ टेक १४, उतरवलेला लूप, ठेका वेगळा.

सकाळी काकांचा फोन. करंगळी कालपासून दुखतेय. पुढच्या वेळी तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वाजवीन, तिथं फ्रेट जवळ पडतात, तुम्ही तुमच्या त्या यंत्रात उतरवून घ्या. आता कॅपोचे तीन आणि लयीचा एक असे चार अर्धस्वर उतरवले तर त्या आवाजाची लापशी होईल, हे त्यांना पटवायचंय. ते फोनवर नको. तसंही शिफ्टचं पाकीट अजून माझ्याच खिशात आहे, संध्याकाळी देऊन येतो.